हसून सांगितलेलं

खोकं घेऊन निघालेल्या सुमेधासाठी डॉ. फ्रेझरनी प्रयोगशाळेचं जड दार उघडून धरलं. "सॉरी," ते म्हणाले. "थँक यू," ती म्हणाली.

बसथांब्यावर पोचते तोच परभणीहून आईचा फोन आला. "वाढवली का गं नोकरीची मुदत?"

"नाही. परत यावं लागणार. मातीच्या नमुन्यांची माझी पद्धतच चुकीची होती."

"मग त्यांनी आधी सांगायचं नाही का? तूच म्हणायचीस, कॅनडातली माणसं देवमाणसं, कधी आवाज चढवत नाहीत!"

सांगितलं होतं. "छान! कदाचित दुसरी पद्धतही करून बघता येईल," असं डॉ. फ्रेझर दर बैठकीत हसून म्हणायचे. पुण्यातले सर चुकलेला आलेख टेबलावर आपटायचे, "डोकं गहाण ठेवलंय का?" म्हणून ओरडायचे. इथे मात्र 'छान' ऐकून ती निर्धास्तपणे जुनीच पद्धत वापरत राहिली. 'कदाचित' म्हणजे 'हे आजच बदल', हे तिला आज कळलं.

"फार रागावले का गं तुझ्यावर?" आईनं विचारलं.

"नाही गं आई." सुमेधाला हुंदका आवरेना. "एकदा तरी रागवायला हवं होतं."