पिल्लं कुणाला हात करतात

बाबा गेले तेव्हा त्यांनी पाळलेल्या, ‘दाढीवाला’ जातीच्या सरडीची अठरा अंडी उबवणपेटीत होती. वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने टिंब काढून त्यांनी दम दिलेला: "एखादं उलटलं, तर हात तोडीन!" परवा सगळ्यांतून पिल्लं बाहेर आली. आज काचपेटीतली बोटभर पिल्लं पुढचा पाय उचलून सावकाश हलवू लागली. "रादका, बघ गं, टाटा करतायत!" आई कितीतरी वर्षांनी हसली. रादकाला ठाऊक होतं, पिल्लं असं मोठ्या सरड्यासमोरच करतात: मी लहान आहे, मारू नकोस. सरडी तर पलीकडच्या खोलीत होती. समोर फक्त बाबांची खुर्ची. "आई, चौकात अडगळ टाकायचा कंटेनर आलाय. खुर्ची टाकूया?" "टाक बाई. सुटू एकदाच्या." खुर्ची करकरली, कुणी उठल्यासारखी. अठराही पाय पुन्हा वर गेले. रादकाने आईकडे पाहिलं. चेहरा वाचवायला आईचाही हात आपोआप वर गेला होता.