बारावा संगणक

अकरा संगणक कोरे झाले होते. बारावा टेबलाखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता.

"तो मेलाय, बाई," काका म्हणाले. "सुटे भाग कामाला येतील, तेवढेच."

मुख्याध्यापिकाबाईंनी मान हलवली. विश्वास मात्र ठेवला नाही.

बंद पडलेल्या कारखान्याने जुने संगणक प्राथमिक शाळेला देऊ केले, तेव्हा सगळी वस्ती कामाला लागली होती. सुताराने मुलांच्या उंचीची टेबलं करून दिली. वायरमनने सुट्टीच्या दिवशी येऊन जोडणी केली. आयांनी अडगळीची खोली धुऊन काढली, जुन्या चादरींची आच्छादनं शिवली. आणि कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेले काका रोज शाळेत येऊ लागले. माऊस धरायला शिकवताना ते सांगायचे, उंदराचा गळा दाबायचा नाही, पाठीवर नुसता हात ठेवायचा. चार दिवसांत त्यांचं नाव उंदीरकाका पडलं. त्यांचा सगळ्यात जास्त जीव चौथीतल्या एका मुलीवर होता. ती बाईंची मुलगी.

कारखान्याची एकच अट होती. मुलांच्या हाती देण्याआधी प्रत्येक संगणकातली जुनी माहिती पुसायची. ते काम काकांनी मागून घेतलं. शाळा सुटली की ते दार लोटून एकटेच बसायचे.

बाईंना तेच खुपत होतं.

चार वर्षांपूर्वी कारखान्यातला बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. त्यात बाईंचे यजमान होते, कारखान्याचे फोरमन. काकांचा एकुलता एक मुलगाही होता, दुसऱ्या पाळीचा बॉयलर ऑपरेटर. चौकशीत सगळा ठपका ऑपरेटरवर आला. त्याने लक्ष दिलं नाही, बिघाड कोणाला कळवला नाही, असं लिहिलं गेलं. मेलेला माणूस काय सांगणार? त्यानंतर वस्तीत काकूंशी कोणी धड बोलेना. वर्षभरात त्या खंगून गेल्या.

बाईंनी मात्र त्या घरी जाणं सोडलं नव्हतं. स्फोटाच्या आदल्या दिवशी जेवताना यजमान म्हणाले होते, "व्हॉल्व्हची लेखी तक्रार झालीय." एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला होता. म्हणजे तक्रार यजमानांनी केली आणि मॅनेजरने दाबली, हे बाईंच्या मनात पक्कं बसलं होतं. तो कागद चौकशीत कुठेच आला नाही. तो सापडला तर काकांच्या मुलावरचा कलंक जाणार होता. बाईंनी हे काकांना कितीदा तरी सांगितलं. कागद सापडला म्हणून माणूस परत येत नाही, एवढंच उत्तर त्यांना मिळायचं.

आता त्याच कारखान्याचे संगणक शाळेत आले होते आणि बाप स्वतःच्या हाताने ते पुसत होता. मॅनेजरसाहेब दोनदा काकांच्या घरी येऊन गेले होते. यादी तपासायला, असं काकांचं म्हणणं. कुंपणच शेत खायला लागलं तर बोलायचं कोणाला, असं बाईंना वाटलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं आणि पाहुणे म्हणून मॅनेजरसाहेबच येणार होते. तक्रार हाती लागली तर सगळ्या वस्तीसमोर त्यांच्या तोंडावर वाचायची, असं बाईंनी ठरवलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी काका यायच्या आत त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने पोतं सोडलं, झाकण उघडलं आणि हसला.

"मेलाय कसला? आतली वायर काढून ठेवलीय कोणीतरी."

पडदा उजळला. वायरमन मांडवाचे दिवे बघायला निघून गेला. बाई लहानशा खुर्चीवर बसल्या. बॉयलर विभागाच्या नोंदी महिन्यावार लावलेल्या होत्या. त्यांना हवा असलेला महिना सापडला.

दारात काका उभे होते.

"बाई, उठा तिथून."

"तुमच्या मुलाचं नाव धुऊन निघेल, काका. नकोय का तुम्हाला?"

काकांनी आत येऊन दार लोटलं.

"तुमची पोरगी अजून चौथीत आहे," ते म्हणाले.

ज्या माणसाच्या पोरासाठी आपण चार वर्षं जगाशी भांडलो, तो आज आपल्याच लेकीचा धाक घालतो आहे.

"धमकी देताय मला?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. ते जवळ आले, संगणक बंद करायच्या बटणापर्यंत हात नेला आणि मग मागे घेतला. भिंतीशी असलेल्या मुलांच्या बाकावर ते गुडघे पोटाशी घेऊन बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी पडद्याकडे तोंड फिरवलं. स्फोटाच्या आधीचे तीन दिवस. तीन नोंदी, तिन्ही एकसारख्या.

'दुसरी पाळी, बॉयलर ऑपरेटर. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो आहे. माणसांच्या जिवाला धोका आहे. बॉयलर बंद करण्याची परवानगी मिळावी आणि मॅनेजरसाहेबांना कळवावं.'

आणि प्रत्येक नोंदीखाली तेच उत्तर होतं.

'परवानगी नाही. काम चालू ठेवा. साहेबांपर्यंत जाण्याची गरज नाही. — फोरमन.'