गिऱ्हाईक

“समज, मी गिऱ्हाईक आहे. आज स्पेशल काय?” हॉटेलचे मॅनेजर खुर्चीत रेलून म्हणाले.

यामिनी लहानपणापासून बोलताना अडखळायची. वेटरच्या कामासाठी तिने आठवडाभर आरशासमोर सगळे पदार्थ पाठ केले होते. आता मात्र मिटलेले ओठ उघडेचनात.

“पां... पां...”

“पांढरा रस्सा?” मॅनेजरनीच पुरं केलं. आवाजात राग नव्हता, कीव होती. “हे बघ बाळ, गिऱ्हाइकं एवढी थांबत नाहीत. आत भांडी घासायला माणूस हवंय. तिथे बोलावं लागत नाही.”

तिला नको होतं ते काम. नाही म्हणायला तिने सगळा जीव एकवटला.

“ना... ना...”

“नाव सांग सावकाश,” ते समजुतीने म्हणाले आणि आत वळून ओरडले, “मावशी, नवीन पोरगी आलीय, हिला एप्रन द्या!”