भामाचं कार्ड

भामा जिना चढून वर आली तेव्हा सुनीता दारात तांदूळ निवडत बसली होती. तिची नजर आधी भामाच्या पिशवीवर गेली. पिशवी चांगली फुगलेली होती.

"दवाखान्यात जाऊन आलात वाटतं?"

"हो वयनी. रांग कवरी मोटी आज!" भामा घाम पुसत हसली. "मितालीचं वजन किती भरलं हो शालेत?"

"कशाला?"

"आसंच इचारलं."

सुनीता सूप उचलून आत गेली. दुसऱ्याच्या पोरीचं वजन विचारतं का कोणी? संध्याकाळी तिने मितालीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

उरण नाक्याजवळच्या त्या चाळीत दोघींची दारं समोरासमोर. भामाचा नवरा बळीराम तळोज्याच्या कंपनीत मशीनवर होता, म्हणून त्यांच्याकडे कामगार विम्याचं कार्ड होतं. कार्डावर नवरा, बायको आणि मुलगी प्राची, अशी तीन नावं. कार्ड दाखवायचं आणि औषधं घेऊन यायचं, एक पैसा द्यायचा नाही. गव्हाण गावची बाई, सातवी नापास, आणि सरकार हिला फुकट औषधं देतंय! सुनीताचा नवरा कृष्णकांत बी.कॉम. होता, पण तो लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून. तिथे माणसं चार. एवढ्याशा दुकानाला कोण विमा देतो?

आणि औषधाची गरज होती ती सुनीताच्या घरात. अकरा वर्षांच्या मितालीला फिट यायच्या. वजनाप्रमाणे रोज दोन गोळ्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी गोळ्या महागल्या तेव्हा सुनीताने दोनाऐवजी एकच देऊन पाहिली, तर पोर शाळेच्या जिन्यावरून कोसळली. कपाळावरची खूण अजून होती. मग कृष्णकांतने दादरला कोणी ओळखीचा केमिस्ट शोधला. तो निम्म्याहून कमी किमतीत गोळ्या द्यायचा. भिकारडा केमिस्ट, साधं पाकीटसुद्धा नाही, जुन्या कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधायचा. पण तेव्हापासून मितालीला एकदाही फिट आली नव्हती.

भामाच्या घरात मात्र सगळे ठणठणीत. प्राची मितालीच्याच वर्गात, खो-खोमध्ये तालुक्यात पहिली. मग दर महिन्याला पिशवी भरून येणारी औषधं खातं कोण? विकत असणार. दुसरं काय?

"तुला काय करायचंय? कार्ड त्यांचं आहे," कृष्णकांत पेपरातून डोकं न काढता म्हणायचा.

"तुम्हाला बरा त्यांचा पुळका!"

हा पुळकाच तिला जास्त खुपत होता. एकदा जिन्याखाली तो आणि भामा हळू आवाजात बोलताना दिसले. सुनीता दिसताच दोघंही गप्प. त्या दिवशी भामाने तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या, त्या सुनीताने त्याच्यादेखत गाईला घातल्या.

"त्या घरचं मीठसुद्धा नको मला," ती म्हणाली.

कृष्णकांतने नुसता पेपर उघडला. तेही तिला खुपलं.

त्याच आठवड्यात तिने विमा कार्यालयाला अर्ज लिहिला. खाली नाव घातलं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. पेटीत पत्र टाकून घरी आली तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी कार्यालयातून साहेब आला. भामाकडे तासभर बसला. मग त्याने सुनीताचं दार वाजवलं.

"शेजारी म्हणून विचारतो, बाई. ही प्राची आजारी असते का?"

"प्राची? अहो, दिवसभर उंडारत असते ती."

"कधी अंथरुणाला खिळली, शाळा बुडाली, असं काही?"

"एक दिवस नाही."

"लिहून द्याल?"

सुनीताने लिहून दिलं. यावेळी उजव्या हाताने, सुवाच्य अक्षरात, पूर्ण नावासकट. साहेबाला तिने चहाही पाजला.

त्या संध्याकाळी तिने शिरा केला. कृष्णकांत कामावरून आला तो आधी समोरच्या दारात थांबला आणि बऱ्याच वेळाने घरात आला. शिऱ्याला त्याने हात लावला नाही.

"कोणी केला असेल गं अर्ज?"

"मला काय माहीत? चोरी कधीतरी उघडी पडायचीच."

तो अभ्यासाला बसलेल्या मितालीकडे नुसता बघत राहिला. भामासाठी एवढं तोंड पाडून बसायचं? सुनीताने ताटली उचलली आणि स्वतःच सगळा शिरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भामा दारात उभी राहिली. डोळे रडून सुजले होते. सुनीताने कंबर कसली. आता ही भांडणार, तर भांडू दे.

"वयनी, सायबानं कार्ड नेलं. यांच्या नोकरीचं काय व्हतं, देव जाने," भामा हळूच म्हणाली. "सायबानं प्राचीला इचारलं, तुला काय व्हतं गं? आमी शिकवून ठेवलेलं, पन पोरीला खोटं बोलता नाय आलं."

"मग मी काय करू?"

"तुमी काय करनार? भावजी बोललेले, वयनीला सांगू नका, ती आमच्या घरचं घेनार नाय. पन आता सांगल्याबिगर इलाज नाय."

भामाने कमरेची पिशवी सोडली आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेली पुडी सुनीताच्या हातावर ठेवली.

"सोला हायत. आठ दिवस पुरतील."