सायकलला कसला सिग्नल

सिग्नल लाल होता. चांदसाबांनी तो पाहिला आणि सायकल पुढे घातली.

उजवीकडून आलेल्या स्कूटीने करकचून ब्रेक मारला. स्कूटी घसरली, सायकलला धडकली आणि चांदसाब सात रस्त्याच्या भर चौकात आडवे झाले. कोपर सोलवटलं, गुडघ्याला मुका मार बसला. बाकी हाडं शाबूत होती. स्कूटीवरची मुलगी आपली आपणच उठली, तळहाताचं रक्त ओढणीला पुसलं आणि आधी त्यांच्याकडे धावली.

"चाचा, फार लागलं का हो?"

तेवढ्यात माणसं जमली. बसू चहाची गाडी सोडून आला, दोन-तीन रिक्षावाले आले. धड कुणी काही पाहिलं नव्हतं, पण निकाल तयार होता. आपल्याकडे रस्त्यावर चूक नेहमी मोठ्या गाडीची असते. ट्रक नसला तर रिक्षाची, रिक्षा नसली तर स्कूटीची. सायकलवाल्याला कुणी विचारतसुद्धा नाही.

"म्हातारं माणूस दिसत न्हाय व्हय तुला?" बसू गरजला.

"अहो, सिग्नल माझा हिरवा होता. मी तर लाल संपेपर्यंत थांबून निघाले की." मुलीने पर्समधून कागद काढला. "भरतीची परीक्षा आहे माझी. मंद्रूपहून आलेय. नऊला गेट बंद करतात. मला जाऊ द्या. पुढच्या वर्षी वय बसत नाही माझं, ही शेवटचीच आहे."

"आधी चाचांना दवाखान्यात न्यायचं. मग कुटं जायाचं तितं जा."

पावणेनऊ झाले होते. परीक्षेचं कॉलेज तिथून पाच मिनिटांवर होतं. मुलगी चांदसाबांसमोर उकिडवी बसली.

"चाचा, तुम्हीच सांगा ना यांना. सिग्नल कुणाचा होता?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. एका शब्दाचं काम होतं.

चांदसाबांनी तीस वर्षं मिलमध्ये काढली होती. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गेट उघडायचं आणि हजारभर सायकली एकदम रस्त्यावर यायच्या. चौकातला पोलीस स्वतः हात आडवा करून ट्रक थांबवायचा, एसटी थांबवायचा. शेवटची सायकल जाईपर्यंत कुणाची हॉर्न मारायची टाप नव्हती. मग मिल बंद पडली. पोलिसाच्या जागी दिवे आले. चांदसाब मात्र अजून तसेच जायचे, मान न वळवता, भोंगा आत्ताच झाल्यासारखे. सून माजिदा रोज बजावायची, तेही रोज हसून म्हणायचे, "सायकलला कसला सिग्नल!"

पण आता त्यांच्यासाठी थांबत कुणीच नव्हतं. गाड्या हॉर्न मारून त्यांना गटाराच्या कडेला लोटायच्या. किती वर्षांनी आज चौक त्यांच्यासाठी थांबला होता. दहा माणसं त्यांच्या बाजूने उभी होती. खोटं कशाला बोला, त्यांना ते बरं वाटलं. आणि एवढ्या लोकांसमोर आपली चूक सांगायची लाजही वाटली.

त्यांनी मान खाली घातली आणि कोपर धरून म्हणाले, "या अल्ला, लई दुखतंय."

झालं. मुलीने त्यांना स्कूटीवर मागे बसवलं. ती मधेच पळून जाऊ नये म्हणून एक रिक्षावाला दवाखान्याच्या दारापर्यंत मागे आला.

डॉक्टर यायचे होते. कंपाउंडर आधी आलेल्या बाळाची पट्टी बदलत होता. चांदसाब बाकावर बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मुलगी त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्यांनाही दुसरीकडे बघता येईना. नऊला पाच कमी. नऊ. कंपाउंडरने त्यांचं कोपर धुतलं, औषध लावलं, पट्टी बांधली. मग तिचा तळहातही बांधला. नऊ वाजून दहा. मुलीने हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घडी अगदी नीट घातली, जणू तो पुन्हा लागणार होता.

तेव्हा चांदसाबांना राहवेना.

"बेटी, नाव काय तुझं?"

"ऋतुजा."

"ऋतुजा बेटी, सिग्नल मला लाल होता. मी बघितला होता. मला घाईबी नव्हती, बसूकडं चहा प्यायला निघालो होतो."

ती रडली नाही. ओरडली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं.

"मला माहीत आहे की, चाचा. मला काय सांगताय? तिथं चार माणसांत सांगायचं होतं."

तिने स्कूटी चालू केली आणि ती विजापूर रोडने मंद्रूपला परत गेली. चांदसाब दारात उभे राहिले. मग लंगडत चौकाकडे निघाले. वाटेत सिग्नल लागला. लाल होता. रस्ता मोकळा होता, तरी ते हिरवा होईपर्यंत थांबले.

बसूने त्यांची सायकल गाडीला टेकवून ठेवली होती, वाकडं झालेलं हँडल सरळ केलं होतं. मघाची चार-पाच माणसं अजून तिथेच चहा पीत होती. चांदसाब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी आवाज मुद्दाम मोठा काढला.

"ऐका सगळे. चूक माझी हाय. सिग्नल मी तोडला. त्या पोरीची परीक्षा माझ्यामुळं बुडाली."

बसूने बाकडं पुसलं, त्यांना धरून बसवलं आणि हातात गरम चहा दिला.

"बघा," तो बाकीच्यांना म्हणाला, "एवढं लागलंय, तरी पोरीची चूक आपल्या अंगावर घेतायत. लई मोठ्या मनाचा माणूस."