काळे पट्टे

"ब्राइटनेस एकदम शंभरावर नेऊ नका," पिक्सेल म्हणाला. "अक्षर फाकतं. मग लांबून नुसता झगमगाट दिसतो, शब्द नाही."

मालकांनी माउसवरचा हात चटका बसल्यासारखा उचलला. चादरी-पडद्यांचं हे दुकान त्यांनी उभं आयुष्य चालवलं होतं, पण दारावरचा एलईडी स्क्रीन बसवून वर्ष उलटलं तरी त्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती.

स्क्रीन बसवला होता पिक्सेलनेच. बाजारात सगळे त्याला याच नावाने हाक मारत. खरं नाव विचारलं तर त्याची बायकोसुद्धा क्षणभर अडखळली असती! तोंडाने फटकळ, पण मनाने अगदी मऊ. आज तो सुट्टी असूनही, तेही फुकट, धावत आला होता, कारण मालकांनी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्याला घरी बसवेना.

मालकांची एकुलती एक मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून गेली होती. नंबर बदललेला, पत्ता कुणालाच ठाऊक नाही. आणि आता तिच्या आईने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"जाहिराती गेल्या खड्ड्यात," मालक म्हणाले. "माझ्या लेकीला दिसेल असं काहीतरी लिहायला शिकवा."

पिक्सेलची स्वतःची आई गेली तेव्हा तो परगावी कुठल्याशा थिएटरचा स्क्रीन चढवत होता. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा. दिवसा बाहेर ऊन असतं, म्हणून ब्राइटनेस ऐंशी. संध्याकाळी तीस. नाहीतर माणूस डोळे मिटून पुढे जातो. अक्षर पिवळं, मागे काळं. आणि वाक्य पळवायचं नाही. लोक चालता चालता वाचतात, शर्यतीत नाही."

मालकांनी एका बोटाने टाइप केलं : बाळा, आई शेवटच्या घटका मोजते आहे. एकदा भेटून जा.

"'शेवटच्या' मोठं करा," गल्ल्यावरून काकू म्हणाल्या.

गल्ल्यावरच्या काकू ठेंगण्या, नीटनेटक्या, नाकावर चष्मा. बिलं फाडता फाडता त्यांचं सगळं लक्ष इकडेच होतं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. पिक्सेलला उलट बरं वाटलं. अशा वेळी कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवणारं लागतंच.

"वहिनींचा फोटो टाकू या का?" त्याने विचारलं. "आईचा चेहरा दिसला की पाय आपोआप वळतात."

मालक नखाने टेबलावरचा डाग खरवडू लागले.

"आजारी बाईला कशाला चव्हाट्यावर आणायचं?" काकू म्हणाल्या. "पोरीचाच टाका. ओळखणाऱ्याला कळेल."

तेही खरंच होतं म्हणा. पिक्सेलने मुलीचा फोटो लावला, चेहरा लालसर मारत होता तो निस्तरला, आणि कसं दिसतंय ते बघायला रस्त्यापलीकडे गेला. परत आला तो कपाळाला आठ्या घालून. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याने मालकांपुढे धरला. स्क्रीनभर आडवे काळे पट्टे धावत होते आणि निम्मी अक्षरं गिळत होते.

"आपल्या डोळ्यांना हे दिसत नाही, मोबाइलला दिसतं," त्याने समजावलं. "स्क्रीन सतत लुकलुकत असतो. ती गती कमी पडली, की असे पट्टे. तिला रिफ्रेश रेट म्हणतात. आता तुमची लेक काही या रस्त्याने जायची नाही. कुणीतरी व्हिडिओ काढणार, तो याला त्याला पाठवणार, असं करत करत तिच्यापर्यंत पोचणार. पट्टे घालवायलाच हवेत."

काकूंनी पहिल्यांदाच बिलबुक बाजूला ठेवलं.

"घालवा मग," त्या म्हणाल्या.

त्याने गती वाढवली, पुन्हा व्हिडिओ घेतला. लख्ख! एकेक अक्षर मोजून घ्यावं असं. तो स्वतःवरच खूश झाला आणि जेवढे म्हणून ओळखीचे होते त्या सगळ्यांना तो व्हिडिओ पाठवून मोकळा झाला.

आठवडाही झाला नसेल. एका दुपारी तो सहज दुकानात डोकावायला आला, तर समोरच्या फुटपाथवर एक मुलगी खांबाला टेकून उभी. तोंडाला रुमाल, पण डोळे तेच. त्या चेहऱ्याचा रंग जमवण्यात त्याने इतका वेळ घालवला होता, तो चुकणार कसा?

"तू मालकांची लेक ना? मी स्क्रीनवाला. अगं, इथे काय उभी राहिलीस? जा की आत!"

"मला फक्त दवाखान्याचं नाव सांगा," ती म्हणाली. "मी परस्पर तिकडे जाते. दुकानात नाही जायचं मला. बाबा काय काय बोलले होते, तुम्हाला नाही माहीत. जाऊ नकोस म्हणून नवऱ्याने शपथ घातलीय. त्याला न सांगता आलेय मी."

"रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते बोलतो गं. बाप आहे तो, खाणार आहे का तुला? माझी आई गेली तेव्हा मी पोचलो नाही. अजून रडतो मी. तू तरी तसं करू नकोस."

तिला हुंदका फुटला. "शुद्धीवर आहे ना ती?"

"आहे, आहे," पिक्सेलने ठोकून दिलं आणि तिचा हात धरून रस्ता ओलांडला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. लेकीला बघून मालक उठले आणि दाराकडे आले. बाप-लेकीच्या भेटीत आपण कशाला, म्हणून पिक्सेल पायरीवरच थांबला.

मुलीने बापाकडे पाहिलंच नाही. ती गल्ल्याकडे बघत होती.

"आई," ती पुटपुटली, "तू तर धडधाकट आहेस."

काकू उठल्या. त्यांनी आधी तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"अहो," त्या मालकांना म्हणाल्या, "शटर ओढा."