तिसरं कडवं

गिटारवाल्याला पुसून टाकायचं नक्की झालं होतं. फक्त त्याने हो म्हणायचं बाकी होतं, कारण रेकॉर्ड कंपनीच्या वकिलाला त्याची संमती हवी होती. त्यासाठी त्याला स्टुडिओत बोलावलं होतं आणि तो चक्क वेळेवर आला होता. एकेकाळचा रॉकवाला, आता किल्ल्या बनवायचं दुकान. खांद्याला पिशवी, पायांत रबरी चपला. रेकॉर्डिस्ट बाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

सोफ्यावर अर्थातच तुफान बसला होता. हे चाहत्यांनी दिलेलं नाव. वय झालं, केस रंगवावे लागले, पण नाव काही त्याने खाली ठेवलं नव्हतं. बँड केव्हाच मोडला होता. उरला होता तो एकटा, आणि त्याचं ते प्रसिद्ध तिसरं कडवं. लिहिलेलं कडवं बाजूला सारून, भर मैदानात, गाता गाता ते आपल्याला वरून आलं, असं तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. वरून म्हणजे नक्की कुठून, हे कोणी विचारलं नव्हतं. शहाण्यासुरत्या लोकांनी त्या कडव्यावर प्रबंध लिहिले होते. आता तर त्याला कवी म्हणूनच मोठा पुरस्कार मिळणार होता, आणि तो मुहूर्त साधून त्या कार्यक्रमाचं जुनं रेकॉर्डिंग बाहेर काढायचं होतं.

इतकी वर्षं ते धूळ खात पडलं होतं, ते या स्टुलावरच्या माणसामुळे. तो त्या दिवशी पिऊन तर्र होता, त्याने गाण्यांची पार वाट लावली, म्हणून तुफानने त्याला लगेच बँडमधून हाकललं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेकॉर्डिस्टला तर जरा जास्तच ठाऊक होतं. टेप साफ करताना तिने त्याची एकेक चूक कान देऊन ऐकली होती. शेवटच्या गाण्यात बोटं होती की काकड्या, असं तिने घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं होतं आणि दोघं पोटभर हसले होते.

तिने त्याला स्पष्टच सांगितलं की तुमची गिटार काढून दुसऱ्याकडून वाजवून घेणार आहोत. तो 'बरं' म्हणाला. निदान थोडी गयावया करेल, अशी तिची अपेक्षा होती. काढण्याआधी एकदा ऐकायला मिळेल का, एवढंच त्याने विचारलं. बँडमध्ये वाजवलेलं त्याच्यापाशी दुसरं काहीच उरलं नव्हतं.

तिने शेवटचं गाणं लावलं. प्रत्येक माईकचा आवाज टेपवर वेगळा घेतलेला होता, त्यामुळे पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या सरकत होत्या. तळाची एक बंद होती. ती बंद का, असं त्याने विचारलं.

तो त्याच्याच तोंडासमोरचा, कोरसचा माईक होता. हा बेसूर आवाज मैदानात सोडायचाच नाही, असा तेव्हा तुफानचा हुकूम होता. म्हणून तो फक्त तुफानच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमध्ये यायचा, आणि टेपवर जायचा. त्या पट्टीत नुसती खरखर आहे, उघडूही नकोस, असं तुफानने रेकॉर्डिस्टला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण आता तिला चेव आला. ऐकायचीच हौस आहे ना, मग ऐका म्हणावं आपली खरखर. तिने पट्टी उघडली.

तुफान सोफ्यावरून ताडकन उठला.

खरखर नव्हती. अगदी शुद्धीतला, स्वच्छ आवाज होता. "रस्ता विचारी पायाला, कुठे निघालास राजा," तो म्हणाला. मागोमाग टेपवरच्या तुफानने तेच गायलं, जड जिभेने. "सावली म्हणे मी पुढे, तू ये मागून ताजा." तुफानने तेही गायलं. अख्खं कडवं असंच आलं, आधी गिटारवाल्याच्या तोंडून, मग कवीच्या. आणि जिथे जिथे गिटारवाला शब्द पुरवत होता, तिथे तिथेच त्याची बोटं चुकत होती. कडवं वरून आलं नव्हतं, पायाशी ठेवलेल्या खोक्यातून आलं होतं.

रेकॉर्डिस्टला काकड्यांची मनापासून लाज वाटली. तुफान म्हणाला, पट्टी पुसून टाक, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, हात तर लावून दाखवा. गिटार आहे तशी राहील, ही पट्टी सगळ्यांच्या वर ठेवीन, पुरस्काराआधी गावभर ऐकवीन आणि कवी म्हणून या काकांचं नाव छापायला लावीन. तुफानचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मभर ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्या स्टुलाकडे तो आता केविलवाणा बघू लागला.

"काका, इतकी वर्षं तुम्ही गप्प का बसलात?" तिने विचारलं.

गिटारवाल्याचे कान लाल झाले होते. "हा शुद्धीत नव्हता, आणि लिहिलेलं कडवं मलाही आठवेना," तो म्हणाला. "तोंडाला येईल ते बडबडलो. 'राजा'ला काही जुळेना, म्हणून 'ताजा' घुसडलं. म्हटलं, सकाळी हा विसरून जाईल. तर हा जन्मभर तेच गात बसला."

त्याने तुफानकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. मग पिशवी खांद्याला लावून तो उठला.

"गिटार ठेव नाहीतर काढ, पण ती पट्टी आधी पूस, पोरी. लोक दारुडा म्हणतात, ते चालतं मला. हे कडवं माझं आहे असं कळलं, तर चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहणार नाही."